नुसता नंबर सांगून बूट घेऊ नका हो!

"रोजचा बूट ८ नंबरचा, मग ट्रेकिंगचाही ८च द्या." हे ऐकलं की डोकं फिरतं. अहो, प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा असतो! त्यात भर म्हणजे पातळ मोज्यांवर बूट चढवायचा, सपाट फरशीवर चार पावलं टाकायची आणि पैसे मोजून मोकळं व्हायचं.

संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकचेच जाड मोजे न्या. नाड्या सैल ठेवून पाय पुढे सरकवा. बोटं टोकाला टेकल्यावर टाचेमागे हाताचं एक बोट सहज मावलं पाहिजे. मग टाच मागे दाबून नाड्या आवळा आणि उतारावर उभे राहा. बोटं पुढे आपटली तर तो बूट नकोच. डोंगर उतरताना दर पावलाला तोच मार बसतो आणि अंगठ्याचं नख काळंनिळं पडतं. चढावर टाच उचलली जात असेल, तर फोड ठरलेला.

"वापरून सैल होईल" म्हणे! चामडं रुंदीला जरा सैलावतं, लांबीला नाही.

सगळ्यात संताप येतो तो स्वस्तातल्या 'नव्याकोऱ्या' जुन्या मालाचा. सोलमधला पॉलियुरेथेनचा (फोमसारख्या प्लास्टिकचा) थर हवेतल्या ओलाव्याने नुसता पडूनही खराब होतो. वरून बूट चकाचक, आत भुगा, आणि भर डोंगरात सोल हातात! बऱ्याच बुटांच्या आतल्या लेबलवर उत्पादनाची तारीख असते. ती तरी वाचा!