फिट आणि अनफिटच्या मधली जागा

माझा मावसभाऊ कुडाळजवळच्या एका पतसंस्थेत सोळा वर्षं कॅश काउंटर सांभाळत होता. गेल्या पावसाळ्यात त्याची झोप उडाली. चार-चार रात्री पडवीत फेऱ्या मारायचा, बोलणं थांबायचं नाही. शेवटी रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात नेलं. निदान झालं बायपोलर, म्हणजे मन कधी अति उसळतं तर कधी खोल खचतं असा मानसिक आजार. दीड महिन्याने डॉक्टरांचं ‘फिट’ सर्टिफिकेट घेऊन हजर झाला, तर त्याची खुर्ची मागच्या खोलीत, जुन्या पावतीपुस्तकांच्या गठ्ठ्यांशेजारी नेऊन ठेवलेली. लेखी आदेश काही नाही. काम मागितलं की उत्तर एकच, "तू आराम कर."

वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर यावरून आठवडाभर वाद झाला. लोकांच्या ठेवींचा प्रश्न आहे, चूक झाली तर कोण भरणार, असं काहींचं म्हणणं. सोळा वर्षांत ज्याच्या हातून एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही त्याला कोपऱ्यात बसवता, असं इतरांचं. बरेच जण गप्पच राहिले. मी इथे इंग्लंडमध्ये, लीड्सला बसून सगळं वाचत होतो आणि मला माझं २०१९ आठवत होतं.

त्या वर्षी मला नैराश्याने गाठलं. पहिला आठवडा मी ऑफिसला पोटदुखी सांगून काढला. इथे सात दिवसांपर्यंतच्या आजारपणाला आपला शब्द चालतो, पुढे डॉक्टरांचा किंवा नर्ससारख्या आरोग्यतज्ज्ञाचा कागद लागतो. त्या कागदावर दोन चौकोन असतात. एक ‘कामास योग्य नाही’ असा, आणि दुसरा ‘पुढील सोयी मिळाल्यास कामास योग्य’ अशा अर्थाचा. या दुसऱ्याच्या खाली आणखी चार चौकोन: टप्प्याटप्प्याने रुजू होणं, वेळेत बदल, कामात बदल, कामाच्या जागेत फेरफार. माझ्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या दोहोंवर खूण केली. महिनाभर मी आठवड्यातून तीन दिवस, अर्धा-अर्धा दिवस गेलो. रात्रीचे कॉल बंद. मग हळूहळू पूर्ववत.

आपल्याकडच्या सर्टिफिकेटवर सहसा ही मधली जागाच नसते. माणूस एक तर अनफिट, नाही तर फिट. फिट म्हटलं की पहिल्याच दिवशी पूर्ण काउंटर, आणि तेवढा विश्वास वाटत नसेल तर मागची खोली. सुरुवातीला दोन तास, शेजारी दुसरा कॅशियर, असं कुणाच्या डोक्यात येत नाही, कारण तसं कुणी मागतच नाही.

मागणार तरी कसा? रत्नागिरीला तपासणीला जायचं तर अख्खा दिवस जातो. मावसभावाच्या रजेच्या अर्जांवर कारणं होती कावीळ, दाढदुखी, सासऱ्यांचं आजारपण. आमची मावशी मला फोनवर म्हणाली होती, "कोणाक सांगू नको, चेडवाचा लगीन होवचा आसा." म्हणजे मुलीचं लग्न व्हायचंय. तिची भीती खोटी नाही, म्हणून मी तिला दोष देत नाही. पण काविळीसाठी कुणी कामाच्या वेळा बदलून देत नाही.

इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. २०१०च्या समानता कायद्यामुळे दीर्घकाळच्या मानसिक आजारातही मालकाला वाजवी सोयी द्याव्या लागतात, आणि नोकरी देऊ करण्याआधी सहसा तब्येत विचारता येत नाही. तरी पुढच्याच वर्षी बढतीच्या मुलाखतीत मला विचारलं गेलं, "ताण झेपेल ना?" बढती दुसऱ्याला मिळाली. त्या प्रश्नामुळेच मिळाली हे मला कधीच सिद्ध करता आलं नसतं. आणि घरी होतो त्या दिवसांत माझ्या दारावर एक माणूस आला नाही. मावसभावाकडे रोज कुणी ना कुणी पेज, कुळथाची पिठी घेऊन येत होतं. ज्या सेक्रेटरींनी खुर्ची हलवली त्यांच्या घरूनही फणस आला होता. त्यांच्या मनात वाईट नाही, असं मला खरंच वाटतं. त्यांना दुसरी वाट ठाऊक नाही.

कायदा आपल्याकडेही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत मानसिक आजार आहे. सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येत नाही की पद घटवता येत नाही. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या बाजूने निकाल देताना, मानसिक आजाराशी निगडित वागणुकीसाठी शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरवला. पण नोकरीवरून न काढण्याचं ते कलम सरकारी नोकरीपुरतं. गावच्या पतसंस्थेत प्रश्न संचालकांच्या टेबलावरच सुटणार, आणि तिथे कुणीतरी आजाराचं नाव घेऊन बोलावं लागणार.

रविवारी त्याचा फोन आला. "दादा, तो तुझा कागद मराठीत करून पाठव." मी चारही ओळी लिहून पाठवल्या. रत्नागिरीच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून तसंच लिहून घेणार म्हणाला. मग जरा थांबून विचारलं, "अर्जात बायपोलर लिहू?" वहिनी मागून म्हणाली, "लिही."