कॅन्सर तपासणीला कोणी फिरकू नये म्हणून

डॉक्टरसाहेब, कर्नाटकातल्या, पण मराठी बोलणाऱ्या निपाणीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्यानं रुजू झालात, अभिनंदन! तिशीपुढच्या सगळ्यांचं तोंड आणि बायकांचे स्तन व गर्भाशयमुख कॅन्सरसाठी तपासा, असं सरकार २०१६ पासून सांगतंय. घाबरू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झालेल्या बायका देशात शंभरात दोनसुद्धा निघाल्या नाहीत. ही परंपरा तुमच्या हातून मोडू नये, एवढंच.

शिबिर बाजाराच्या दिवशी, सकाळी अकराला ठेवा. बायका तंबाखूच्या वखारीत नाहीतर शेतात. काही दुखत नसताना हजेरी कोण बुडवतंय? फलक फक्त कन्नडमध्ये लावा, म्हणजे उरलेल्याही सुटल्या.

खरा धोका बीपीच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येणाऱ्या मावशीचा. आयती समोर बसते, कनवटीला मिश्रीची डबी. 'आ करा' म्हणून बॅटरी मारलीत, गालाच्या आतून, जिभेखालून नजर फिरवलीत, तर दोन मिनिटांत पांढरा चट्टा किंवा महिनाभर न भरलेली जखम सापडायची. मग चिठ्ठी लिहा, बेळगावला पाठवा, गेली का विचारा... नकोच ते. गोळ्यांची पट्टी सरकवा, 'पुढचा' म्हणा. तिनं आपणहून 'तिखट झोंबतंय हो' म्हटलं, तर बी-कॉम्प्लेक्स आहेच.

गर्भाशयमुखाचं काम त्याहून सोपं, म्हणून जास्त जपा. पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरं पडलं तर पुढं पाठवायचं. त्याला लागते कडी असलेली खोली. कडी दुरुस्त करू नका. पडदाही धुवायला गेलेलाच बरा. बायका दारातून परत फिरतात आणि अहवालात 'महिलांमध्ये संकोच' असं लिहिता येतं.

आशाताई घरोघरी फिरून फॉर्म भरतात. त्यात धोक्याचे चारापेक्षा जास्त गुण पडलेल्यांना आधी बोलवायचं असतं. गठ्ठा बांधा, कपाटावर टाका.

एखादी नर्सबाई मात्र ऐकत नाही. गठ्ठा सोडते, नावं उतरवते, वखार सुटल्यावर मराठीत फोन लावते : 'मावशी, तुमची तपासणी राहिलीय. शुक्रवारी या, मी आहे.' आणि शुक्रवारी व्हरांड्यात बाकं पुरत नाहीत. तिची बदली सौंदत्तीला करायला लावा. तिकडं लाव म्हणावं मराठीत फोन.