लाळ घेताना होणाऱ्या चुका

‘लाळेच्या एका थेंबावरून तोंडाच्या जळजळीचं निदान’ हे एका लेखातलं वाक्य जरा घाईचं वाटतं. बर्निंग माउथ सिंड्रोम (उघड कारण न सापडणारी तोंडाची सततची जळजळ) हे निदान अजूनही बाकीची कारणं वगळूनच होतं: कॅन्डिडा बुरशीची लागण, लोह किंवा बी१२ची कमतरता, मधुमेह, कोरड पाडणारी औषधं. जळजळ रोज २ तासांहून जास्त, ३ महिन्यांहून अधिक काळ हवी आणि तोंड आतून दिसायला निरोगी हवं.

लाळेचा खरा उपयोग आज आहे तो प्रवाह मोजायला. आधी निदान तासभर खाणं, पिणं, तंबाखू बंद. तोंडातली लाळ गिळायची, मान खाली घालून बसायचं आणि ओठांवरून आपोआप ओघळेल ती लाळ आधी वजन केलेल्या नळीत ५ मिनिटं घ्यायची. खाकरायचं नाही, चघळायचं नाही. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मिली. मिनिटाला ०.१ मिलीपेक्षा कमी भरली तर तोंड खरंच कोरडं; मग जळजळीचं मूळ आधी तिथे शोधावं.

लाळेतून कॉर्टिसॉल (ताणाशी निगडित संप्रेरक) मोजायचं असेल तर वेळ सांभाळावी लागते. उठल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते शिगेला पोचतं, रात्री तळाला. सकाळी ८चा आणि दुपारी १२चा नमुना शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे शुद्ध गोंधळ. आणि नुकतेच दात घासून आलेल्याची लाळ गुलाबी दिसली तर ती सरळ टाकून द्यावी. हिरड्यांतलं रक्त आकडे फुगवतं. लाळ टिपायला कापसाचा बोळाही सगळ्या चाचण्यांना चालत नाही, काही रेणू त्यातच अडकून बसतात.