मिडब्रेन झोपलेला असता तर पोरगं उठून बसलंच नसतं

मंगळवारी रात्री ताईने मला 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'च्या मुलांच्या क्लासचा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "ह्याचं काय करू गं? रविवारपर्यंत पैसे भरायचेत." तो मेसेज आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेला होता, ट्रेनमधल्या मैत्रिणींच्या ग्रुपवरही एकदा. तेव्हा मी गप्प बसले, ते चुकलंच माझं. आता त्या क्लासमध्ये माझ्या आठ वर्षांच्या भाच्याचं नाव नोंदवायचं चाललंय आणि ताईच्या घरातले 22 हजार रुपये जायची वेळ आली आहे. मी गेली 14 वर्षं परळच्या एका रुग्णालयात ईईजी काढते, म्हणजे पेशंटच्या डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून मेंदूच्या लहरी नोंदवते. त्यामुळे ह्यातलं निदान एक खोटं मला रोज डोळ्यांसमोर दिसतं.

मेसेजचं म्हणणं असं. माणूस मेंदूचा फक्त 10 टक्के भाग वापरतो. शाळा डाव्या मेंदूलाच राबवते आणि उजवा झोपून राहतो. दोघांना जोडणारा पूल म्हणजे मिडब्रेन. खास संगीत ऐकवून अल्फा लहरी आणल्या की तो 'अ‍ॅक्टिव्हेट' होतो आणि मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचू लागतं. हे 5 ते 15 ह्याच वयात जमतं, नंतर दार बंद.

10 टक्क्यांवर फार वेळ घालवत नाही. मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या ऊर्जेतली जवळजवळ 20 टक्के ऊर्जा तो एकटा घेतो. नव्वद टक्के पडीक असलेला अवयव एवढं खात नाही. वाटाण्याएवढ्या जागेचा रक्तपुरवठा तुटला आणि हात-पाय लुळे पडले, असे पेशंट आमच्याकडे येतात. मेंदूतली रिकामी खोली मला अजून कुणी दाखवलेली नाही.

डावा-उजवा ह्यात अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. बहुतेकांची भाषा मुख्यतः डाव्या बाजूला असते, आणि दोन बाजूंच्या कामांतला फरक दाखवल्याबद्दल रॉजर स्पेरी ह्यांना 1981 चं नोबेल मिळालं. पण त्यावरून 'हा डाव्या मेंदूचा, ती उजव्या मेंदूची' असं ठरत नाही. 2013 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी 7 ते 29 वयाच्या 1,011 जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. प्रत्येक मेंदूचे सात हजारांवर भाग पाडून कोणता भाग कोणाशी जोडलेला आहे ते पाहिलं. विशिष्ट कामं एका बाजूला जास्त होतात हे दिसलं. पण एखाद्या माणसाची अख्खी डावी किंवा अख्खी उजवी बाजूच वरचढ आहे, असं आढळलं नाही. 'प्लॉस वन'मध्ये तो अभ्यास छापून आला आहे, कुणालाही फुकट वाचता येतो. गणित सोडवणारं मूल आणि चित्र काढणारं मूल, दोघांच्याही दोन्ही बाजू कामाला लागलेल्या असतात.

आता मिडब्रेन. मराठीत मध्यमेंदू. दोन बाजूंना जोडणारा पूल तो नाहीच. तो पूल म्हणजे कॉर्पस कॅलोसम, सुमारे 20 कोटी तंतूंचा पट्टा. मध्यमेंदू त्याच्या खाली, मेंदूच्या देठाचा वरचा भाग, जेमतेम दोन सेंटिमीटर लांब. डोळे फिरवणं, आवाज आला की तिकडे वळणं, जागं राहणं ह्यांत त्याचा मोठा वाटा. तिथल्या सबस्टॅन्शिया नायग्रा ह्या काळसर पट्ट्यातल्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन्स होतो. अपघाताच्या पेशंटच्या डोळ्यात डॉक्टर टॉर्च मारतात, बाहुली आकसते का पाहतात. उजेडाचा तो निरोप मध्यमेंदूतूनच फिरतो. मध्यमेंदूला जबर मार बसला तर माणूस कोमात जाऊ शकतो. सकाळी उठून डबा घेऊन शाळेत जाणाऱ्या पोराचा मध्यमेंदू झोपलाय म्हणून आईबापांना घाबरवायचं, हे मला सहन होत नाही.

अल्फा लहरी 8 ते 13 हर्ट्झच्या असतात. त्या आणायला संगीत लागत नाही. मी पेशंटला म्हणते, "डोळे मिटा," आणि बहुतेकांच्या डोक्याच्या मागच्या भागात त्या दिसायला लागतात. "उघडा," म्हटलं की ओसरतात. निवांतपणाची खूण आहे ती, बस्स.

आणि पट्टी. गेल्या रविवारी ताई भाच्याला दादरच्या एका हॉलमध्ये क्लासच्या फुकटच्या डेमोला घेऊन गेली होती. आधीच्या बॅचच्या मुलांनी पट्टी बांधून पत्त्यांचे रंग ओळखले, एका मुलीने वर्तमानपत्राचा मथळा वाचला, पालकांनी टाळ्या वाजवल्या. मग ह्यालाही पट्टी बांधली आणि ह्यानेही लाल पत्ता ओळखला. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. बुधवारी मी घरी गेले तेव्हा तो गॅलरीत माझ्या कानाला लागून म्हणाला, "मावशी, नाकाजवळून खालचं दिसतं. पण क्लासच्या ताईंनी सांगितलं, कसं दिसतं ते कुणाला सांगायचं नाही, नाहीतर पॉवर जाते."

मंगळूरचे अंधश्रद्धांविरुद्ध काम करणारे नरेंद्र नायक कित्येक वर्षं हेच दाखवत आले आहेत. नाकाच्या कडेची फट बंद करा, शक्ती संपते. पत्ता कपाळाच्या वर धरा. खोलीत मिट्ट अंधार करा. मध्यमेंदूने वाचायचं तर उजेड कशाला हवा? त्याच दादरला अंध मुलींची शाळा आहे. तिथल्या मुली ब्रेलवर बोटं फिरवून कष्टाने शिकतात. पट्टीआडून खरंच वाचता येत असतं, तर हे लोक सगळ्यात आधी त्या शाळेच्या दारात गेले असते.

पैशांपेक्षा मला दुसरंच लागलं. आठ वर्षांचं पोर आईशी खोटं बोलायला शिकतंय, आणि त्या खोट्यावर आई रडते आहे, हे ते बघतंय. आता खरं सांगितलं तर आईचा आनंद जाईल, हे ओझं त्याच्या डोक्यावर ठेवलंय त्या लोकांनी.

राहिलं वय. लहानपणी मेंदू जास्त घडतो, हे खरंच आहे. 1981 च्या त्याच नोबेलचे दुसरे दोन मानकरी, ह्यूबेल आणि वीझेल, ह्यांनी मांजरांच्या पिल्लांवर दाखवून दिलं की सुरुवातीच्या काळात डोळ्याला नीट दिसलं नाही तर मेंदूतली त्या डोळ्याची जागा कमी होते. म्हणूनच मुलांचा आळशी डोळा लवकर ओळखावा लागतो. वयाची ती मुदत खरी आहे, पण ती डोळे उघडे ठेवून बघण्याची.

ताई क्लासकडे वळली ती शाळेच्या डायरीतल्या शेऱ्यामुळे: 'फळ्यावरचं उतरवून घेत नाही, लक्ष नसते.' बुधवारी तो गृहपाठ करताना मी शेजारी बसले होते. वही नाकाशी धरलेली, मान एका बाजूला कललेली. त्याचे डोळे आजवर कुणी तपासलेलेच नाहीत. ताईला पैसे भरू नको म्हणून सांगितलं आणि शनिवारी सकाळी 10 ची डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.