लॅपटॉपवाल्याला कसले पैसे?

परवा एका मुलाचा मेसेज आला. ‘दादा, मलापण इंडिपेंडंट इलेक्ट्रॉनिक म्युझिक प्रोड्यूसर व्हायचंय. काय करू?’ नेमका त्या दिवशी मी मुळशीच्या एका फार्महाऊसवाल्या आयोजकाला अकराव्यांदा फोन लावून बसलो होतो, त्यामुळे मन अतिशय प्रसन्न होतं. म्हटलं, सविस्तरच लिहावं. तुम्हीही वाचा, कुणाचं तरी कल्याण होईल.

सुरुवातीला घरी सांगताना ‘प्रोड्यूसर’ हा शब्द जपून वापरा. मी लॅपटॉपवर संगीत बनवतो एवढंच, पण आमच्या मावशीला वाटलं मी सिनेमाचा निर्माता झालो, म्हणजे पैसा आला. तिने लगेच धाकट्याच्या अ‍ॅडमिशनचा विषय काढला. ‘डीजे’ तर तोंडातून काढूच नका. आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस नसतो, ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत असते. गणपती जवळ आले की काका अजून विचारतात, “यंदा कुठल्या मंडळाकडे तुझी भिंत?”

खोली पुण्यात धायरीत घ्या. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवा. त्याने आवाज अडत नाही, पण येणाऱ्याला स्टुडिओत आल्यासारखं वाटतं. रेकॉर्डिंग रात्री दोन ते चार. तेव्हा कुकरच्या शिट्ट्या नसतात, फक्त कुत्री असतात.

४५ हर्ट्झचा सब-बेस, म्हणजे छातीत घुमणारा अगदी खालचा आवाज, नीट बसवण्यात तीन आठवडे घालवा. मग ट्रॅक मित्राला पाठवा. तो फोनच्या स्पीकरवर ऐकेल आणि कळवेल, “भारी झालंय, फक्त बेस कमी वाटतोय.” एवढा खालचा आवाज त्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही, हे समजावण्याच्या फंदात पडू नका. मैत्री टिकवा.

प्लगइन, म्हणजे लॅपटॉपमध्ये आवाज घडवणारी छोटी सॉफ्टवेअर, चोरून न उतरवता विकत घ्या. हसू नका, खरंच घ्या.

गाणं स्पॉटिफायसारख्या अ‍ॅपवर चढवून देणाऱ्या कंपनीची, म्हणजे डिस्ट्रिब्युटरची, फी दरवर्षी भरत चला. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत गाणं १,००० वेळा वाजलं नसेल, तर त्या रेकॉर्डिंगची रॉयल्टी नाही. ९९९ ला शून्य. आमची आई हल्ली पोळ्या लाटताना माझं टेक्नो लावते. आवडतं म्हणून नाही हो, आकडा भरावा म्हणून.

आणि धीर धरा. चरणजित सिंग यांनी धरला होता. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा मुंबईचा माणूस. १९८२ साली रोलँड कंपनीची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही सूर-तालाची इलेक्ट्रॉनिक यंत्रं समोर मांडून त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले आणि रेकॉर्ड काढली. शिकागोच्या पोरांनी त्याच ३०३ मधून ‘अ‍ॅसिड हाऊस’ नावाचा नाचायच्या संगीताचा प्रकार रेकॉर्डवर आणला, तो पाच वर्षांनी, १९८७ मध्ये. सिंग यांच्या रेकॉर्डकडे मात्र आपल्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० साली नेदरलँड्समधल्या लोकांनी ती रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा जग हललं. २०१५ मध्ये ते गेले. तर हिशोब सोपा आहे: आज ट्रॅक काढा, अठ्ठावीस वर्षं थांबा, आणि एखादा डच माणूस तुमच्या वाट्याला येवो अशी प्रार्थना करा.

आता गिग, म्हणजे पैसे घेऊन वाजवायचा कार्यक्रम. लेखी करार मागू नका, माणसं दुखावतात. मुळशीच्या त्या आयोजकाकडे मी मागितला नव्हता. “अरे, आपल्यात काय लेखी!” आठ हजार ठरले होते, दीड तासाचे, संध्याकाळी सातपासून. मी साडेचारलाच हजर. कंट्रोलर माझा, इंटरफेस माझा, केबली माझ्या, कॅबचे चौदाशेही माझेच. सात वाजता जनरेटरवाला डिझेल आणायला गेला होता. आठ वाजता सत्कार सुरू झाले. आधी स्पॉन्सरचा, मग स्पॉन्सरच्या वडिलांचा, मग ज्यांनी जागा दाखवली त्यांचा. शाल, श्रीफळ, ‘दोन शब्द’. ते दोन शब्द वीस मिनिटं चालले. मला स्टेज मिळालं नऊ पस्तीसला. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे. मला माहीत, पोलिसांना माहीत, आयोजकालाही माहीत. त्या पंचवीस मिनिटांतली पाच मिनिटं एक काकू लग्नातलं कुठलंसं गाणं लाव म्हणून लॅपटॉपच्या स्क्रीनवर बोट आपटत होत्या.

दुसऱ्या दिवशी आयोजकाचा फोन. “नव्वद मिनिटं ठरली होती, तू वाजवलीस पंचवीस. त्या हिशोबाने बघ.” त्रैराशिक! शाळेत गणितात नापास झालेला असणार हा माणूस, पण माझ्यासाठी त्रैराशिक शिकला. दोन हजार दोनशे बावीस. त्यावर दहा टक्के टीडीएस. एवढ्याशा रकमेवर कसला टीडीएस, विचारलं तर म्हणे, “सीए बघतो.” राहिले दोन हजार. “बघ, राउंड फिगर आली.”

त्या दोन हजारांनाही आता चार महिने झाले.

मंडपवाल्याला लावलं का त्रैराशिक? लावून बघाच. बांबू उपसून घेऊन जाईल, वर पाहुणे बसलेले असले तरी. केटररने भांडं उतरवायच्या आधी पैसे मोजून घेतले, जनरेटरवाल्याने डिझेलसुद्धा रोख घेऊन आणलं. उधारी फक्त एकाची, कारण तो काय, लॅपटॉप तर उघडतो.

‘बटणच तर दाबायचं असतं’ असंच म्हणता ना? मग दाबा की तुम्ही! या सात वाजता, उभे राहा, दाबा.

आणि बाकीच्यांनीही फार शहाजोगपणा करू नये. गेस्ट लिस्टमध्ये नाव टाक म्हणणारे तुम्हीच ना? तीनशेचं तिकीट जड, आणि बिअरला साडेचारशे सहज. माझा लूप, म्हणजे गाण्याचा तुकडा, उचलून तुमच्या भावाच्या साडीच्या दुकानाच्या रीलला लावलात, विचारलं तर म्हणालात, “पंधराच सेकंद आहेत रे.” पंधरा सेकंद साडी न्यायची का मी दुकानातून? लाज वाटत नाही कुणालाच. गाणं ऐकून मान डोलवता, स्टोरी टाकता, आणि पैशांचा विषय निघाला की तुमचं नेटवर्क जातं.

मुळशीवाले, हे वाचत असाल तर दोन हजार नकोत. आठ पाठवा. आणि स्टेजखाली माझी दहा मीटरची एक्सएलआर केबल राहिली आहे, ती काळी, लाल टेप लावलेली. ती तुमच्या जनरेटरवाल्याने नेली असेल तर त्याच्याकडून मागून घ्या.