रंगीत पट्टे म्हणजे वितळलेला बर्फ नव्हे

म्हापसा-पणजीच्या व्हॉट्सॲप गटांवर चतुर्थीपासून एक रंगीबेरंगी चित्र फिरतंय: 'हिमालयातली हिमनदी उपग्रहाच्या रडारवर थेट पाहा, लाल भाग वितळला!'

लाल भाग वितळलेला नाही. एकाच जागेच्या, काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन रडार नोंदींमध्ये परतलेली लहर किती पुढेमागे झाली, ते हे पट्टे दाखवतात. सेंटिनेल-1 या युरोपीय रडार उपग्रहाची तरंगलांबी सुमारे 5.6 सेंमी. लहर जाऊन परत येते, म्हणून रंगांचं एक पूर्ण आवर्तन म्हणजे उपग्रहाच्या रोखाने किंवा त्याच्यापासून दूर सुमारे 2.8 सेंमी सरकणं. लाल काय, निळा काय, रंग माणसानेच निवडलेले. बर्फ फार वेगाने वाहिला तर पट्टे विस्कटतात; मग दोन प्रतिमांमधल्या खुणा जुळवून वेग काढावा लागतो.

'थेट' हेही खोटंच. 30 जुलै 2025 ला सोडलेला नासा-इस्रोचा रडार उपग्रह निसारसुद्धा त्याच कक्षेतून तीच जागा 12 दिवसांनी पाहतो.

वितळण्याचा हिशेब हवा तर आपल्या वास्कोच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राची मंडळी हिमाचलच्या चंद्रा खोऱ्यात बर्फात काठ्या रोवून तो मोजतात. त्या काठ्यांचे फोटो मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.