उजवा कौल

आमच्या गावात लग्न ठरवायचे असो, विहीर खणायची असो किंवा भावाभावांतील वाद मिटवायचा असो, देवाला कौल लावण्याची रीत आहे. मूर्तीला भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात, भटजी गाऱ्हाणे घालतात आणि सगळे घर श्वास रोखून उभे राहते. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गेल्या वर्षी आषाढ लागल्यापासून हा विधी मी रोज पहाटे, पाकळ्यांवाचून आणि भटजींवाचून, माझ्या लॅपटॉपसमोर करीत होतो. बटण दाबायचे, आतला पंखा घुमल्याचे ऐकायचे आणि हात जोडल्यासारखे करून बसायचे. उजवा कौल मिळाला तर पडदा उजळे आणि कामाला लागता येई. डावा मिळाला तर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘नो बूटेबल डिव्हाइस फाउंड’ अशी पाटी झळके. याचा सरळ अर्थ असा की, ज्या डिस्कवर माझे सारे लेखन साठवलेले होते ती डिस्कच यंत्राला सापडत नव्हती. ती कोणी पळवली नव्हती. यंत्राच्याच पोटात चार स्क्रूंनी जखडलेली होती. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणाऱ्या माणसाला आपण हसतो, पण त्याला निदान विचारले तर चष्मा आपल्या मालकीचा आहे हे तो कबूल करतो.

मला घाई होती ती नाटकाची. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील आमच्या गावात जत्रेला मराठी नाटक होते आणि ते दर वर्षी झालेच पाहिजे, यावर गावात कधी दुमत झालेले नाही. जुनी हस्तलिखित वही वाळवीने पोखरल्यामुळे ती टंकून काढण्याचे काम, निवृत्त मराठी शिक्षक म्हणून, माझ्या गळ्यात पडले. दोन अंक छापून झाले होते. तिसरा अंक त्या डिस्कमध्ये होता. खलनायकाचे काम करणारे गृहस्थ एरवी अत्यंत सौम्य आहेत, पण ‘मास्तर, माझी नक्कल?’ असे आपल्या वाट्याच्या संवादांबद्दल विचारताना ते रोज थोडे थोडे भूमिकेत शिरू लागले होते.

बंद पडलेल्या यंत्राचे दुःख सोसता येते, कारण ते बंद आहे यावर सर्वांचे एकमत असते. अधूनमधून बिघडणाऱ्या यंत्राचे तसे नाही. माझा लॅपटॉप घरी तीनदा नकार देई, म्हणून मी त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, स्कूटरच्या पायठणीवर ठेवून, भर पावसात फोंड्याच्या दुकानात नेई. तिथल्या तरुण कारागिराने बटण दाबताच तो पहिल्या झटक्यात सुरू होई. कारागीर माझ्याकडे पाही, मी लॅपटॉपकडे पाही. ‘सर, हाका कांयच जावंक ना,’ म्हणजे याला काहीच झालेले नाही, असे तो ज्या स्वरात म्हणे, तो स्वर मी ओळखत होतो. पोट दुखते म्हणून शाळा चुकवू पाहणाऱ्या मुलांशी मी छत्तीस वर्षे त्याच स्वरात बोललो आहे. आमच्या गावातले नट तालमीत चोख बोलतात आणि प्रयोगात अडखळतात. हा नट तालमीत अडखळे आणि चारचौघांत टाळ्या घेई.

चौथ्या खेपेला कारागिराला माझी दया आली आणि त्याने ‘फॉरमॅट मारूया’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने भरूया, असा तोडगा सुचवला. बेंगळुरूला संगणकाच्या कंपनीत असलेल्या माझ्या भाच्याने हे फोनवर ऐकले आणि जवळजवळ ओरडून मला थांबवले. ‘मामा, विंडोजचा यात काय दोष? ते डिस्कवर असते. डिस्कच दिसत नसेल तर त्याची पाळीच येत नाही.’ मग त्याने मला, सुरू होताना एफ-टू कळ दाबत राहून, बायोस नावाच्या तळघरात उतरायला लावले. तळघर म्हणायचे कारण असे की विंडोज जागे होण्यापूर्वी यंत्र स्वतःची झडती इथे घेते: मेमरी किती, तारीख कोणती, कोणत्या पोर्टला काय जोडले आहे. तिथे साटा पोर्टसमोर, म्हणजे डिस्क जिथे जोडतात त्या जागेसमोर, डिस्कचे नाव असायला हवे होते, त्या जागी ‘नॉट प्रेझेंट’ असे होते. शाळेतल्या हजेरीची मला आठवण झाली. मुलगा बाकावर बसलेला आहे, पण ‘हजर’ म्हणायला तयार नाही.

भाच्याचा पुढचा प्रश्न घड्याळाचा होता. मदरबोर्डावर, म्हणजे यंत्राच्या मुख्य पाटीवर, रुपयासारखी एक बटणबॅटरी असते, सीआर २०३२ नावाची, तीन व्होल्टची; ती संपली की तारीख मागे जाते आणि बायोसमध्ये ठरवून ठेवलेली सेटिंगही विस्कटू शकतात. माझी तारीख, वेळ सारे अचूक होते, त्यामुळे बॅटरी निर्दोष सुटली. त्यानंतर त्याने मला दटावून सांगितले की, आता जेव्हा उजवा कौल मिळेल तेव्हा दुसरे काहीही न करता आधी सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढायची. मी काढली. सांगायला लाज वाटते, पण तिसरा अंक सुखरूप झाल्यावर मला यंत्राच्या आजारात खरा रस वाटू लागला.

भाच्याच्या सांगण्यावरून मी क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा प्रोग्राम चालवला. प्रत्येक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवत असते आणि हा प्रोग्राम ती नोंद वाचून दाखवतो. खराब झाल्यामुळे बदललेल्या जागांच्या रांगेत शून्य होते, म्हणजे डिस्कचे अंग धड होते. मात्र ‘यूडीएमए सीआरसी एरर काउंट’ या रांगेत मला ५२० दिसले. मी ते फोनवर सांगितले, तर भाचा म्हणाला, ‘मामा, ते सोळाच्या पायावरचे आहे. आपल्या दहाच्या हिशेबाने १३१२.’ निवृत्तीनंतर आपले अंकज्ञान कोणी तपासेल असे मला वाटले नव्हते. हा आकडा काय मोजतो, हे मात्र त्याने छान समजावले. डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यात जाणाऱ्या प्रत्येक गठ्ठ्याला पडताळणीचा एक आकडा जोडलेला असतो. पोचल्यावर तो जुळला नाही, तर गठ्ठा पुन्हा मागवला जातो आणि एक चूक नोंदवली जाते. म्हणजे अशा चुका वाढतात तेव्हा संशय बोलणाऱ्यावर किंवा ऐकणाऱ्यावर नसतो, मधल्या वाटेवर असतो. दोन माणसे शहाणी, फोनची रेंज वाईट. अशा वेळी माणसे सावकाश बोलू लागतात, आणि साटा जोडणीही तेच करते: सेकंदाला सहा गिगाबिटवरून तीनवर येते आणि त्यावरही भागले नाही तर दीडवर. त्या दोघांचे साटेलोटे ज्या पट्टीवरून चालते तिला साटा केबल म्हणतात, ही मराठी भाषेची आपल्यावरची कृपा आहे.

इथवर यंत्राने आम्हाला आणले. पुढचा धागा माझ्या पत्नीने ओढला, आणि तोही स्वयंपाकघरातून. ती म्हणाली, ‘ज्या दिवशी मिठाची बरणी पाघळते त्या दिवशी तुमचा लॅपटॉप रुसतो.’ मी हसलो. पण वही करण्याची सवय जुनी असल्याने पंधरा दिवस नोंद ठेवली. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. या दिवसांत पापड मऊ पडतात, काडेपेटीची काडी चटकन पेटत नाही आणि कपाटातल्या चपलांवर हिरवी साय धरते. माझ्या वहीत अकरा डावे कौल निघाले. त्यातले नऊ पहाटेचे, गारठ्याचे, आणि त्या नऊही दिवशी मीठ ओले होते. आणखी एक गोष्ट सापडली. नकार मिळाल्यावर यंत्र बंद न करता बायोसमध्येच दहा मिनिटे तापू दिले आणि मग पुन्हा सुरू केले की डिस्क बहुधा दिसे. दुकानातल्या त्याच्या सद्वर्तनाचेही कोडे सुटले: स्कूटरवरचे पाच किलोमीटरचे धक्के आणि पोचल्यावर वातानुकूलित खोलीतली कोरडी हवा. मी त्याला उपचार करवूनच साक्षीला उभा करीत होतो.

तेव्हा शस्त्रक्रियेचे ठरले. शेजारच्या बाबांनी स्पर्शबिंदू पुसायला स्वतःच्या बाटलीतली काजूची फेणी देऊ केली. औदार्य थोर होते, पण फेणीत बेचाळीस-त्रेचाळीस टक्के मद्यार्क आणि उरलेले बहुतेक पाणी असते, तेव्हा ती माणसाला धुऊन काढते, तांब्याला नाही. या कामाला आयसोप्रोपाइल अल्कोहोल लागते, पाण्याचा अंश शक्य तितका कमी असलेले. आणि पावलोपावली दारूचे दुकान असलेल्या आमच्या राज्यात त्या एका अल्कोहोलसाठी मला तीन औषधांची दुकाने पालथी घालावी लागली.

आधी चार्जर काढला, मागचे झाकण सोडवले, बॅटरीची जोडणी वेगळी केली. स्क्रू दोन लांबीचे असतात हे नंतर कळते. मी ते पेढ्यांच्या रिकाम्या डब्यात कागदावर मांडून, ज्याची जागा तिथे त्याचे चित्र काढून ठेवले होते, म्हणून निभावले. डिस्क सरकवून बाहेर काढली तेव्हा ती सात आणि पंधरा अशा बावीस टाचण्यांच्या जोडणीवर बसलेली दिसली: सात निरोप नेणाऱ्या, पंधरा वीज देणाऱ्या. जोडणीपासून निघालेली, बोटभर रुंद, पातळ, काळी पट्टी वळसा घेऊन मदरबोर्डात शिरत होती. मदरबोर्डाकडचे तिचे टोक भिंगाखाली धरले तर तिथल्या सोनेरी रेघांपैकी दोन रेघा शेवाळलेल्या पायरीसारख्या काळपट-हिरव्या झाल्या होत्या. त्या रेघा माझ्या नखापेक्षाही अरुंद होत्या. तिसरा अंक, खलनायकाची नक्कल, माझी गावातली पत, सारे प्रत निघेपर्यंत त्या दोन रेघांवर अडलेले होते.

डिस्क यूएसबीच्या डबीत घालून पत्नीच्या लॅपटॉपला रात्रभर जोडून ठेवली. डिस्कने एकदाही दगा दिला नाही. रेघा पुसल्या, वाळवल्या, सारे जागच्या जागी लावले. आठ दिवस उजवे कौल मिळाले. नवव्या दिवशी मीठ पाघळले आणि डावा मिळाला. हिरवट रंग वरचा नव्हता, आत मुरला होता. पट्टीच बदलायला हवी होती.

पट्टीवर बारीक अक्षरांत एक क्रमांक छापलेला असतो आणि तोच जुळला पाहिजे. दिसायला सारखी असून चालत नाही, कारण वळसा अर्धा इंच इकडचा तिकडे झाला तरी झाकण बसत नाही. भाच्याने त्या क्रमांकाची पट्टी शोधून पाठवली. ती बसवण्याचे धाडस मात्र मी पुन्हा केले नाही. भिंगाखाली पाहताना माझा हात किती कापतो हे मला दिसले होते. पुन्हा फोंड्याला गेलो.

कारागिराने माझी वही चाळली, भाच्याचे आकडे ऐकले, मान डोलावली आणि म्हणाला, ‘आधी जुनी एकदा तपासून घेऊया सर.’ बाहेर पाऊस होता, आत कोरडा गारवा होता. त्याने बटण दाबले; डिस्क दिसली. बंद करून पुन्हा दाबले, दिसली. तिसऱ्यांदाही दिसली. मी काही न बोलता नवी पट्टी त्याच्यापुढे सरकवली. त्याने ती बसवली, हातखर्चाला होतील इतके पैसे घेतले आणि जुनी पट्टी एका छोट्या पिशवीत घालून, तिचे तोंड नीट दुमडून, माझ्या हातात ठेवली.

त्यानंतर संपूर्ण भाद्रपद गेला, मीठ कितीदा तरी पाघळले, पण ५२० चा आकडा ५२० वरच उभा आहे. खलनायकांना त्यांची नक्कल मिळाली असून ते पुन्हा सौम्य झाले आहेत. पट्टीची पिशवी माझ्या टेबलाच्या खणात आहे. ती टाकून देणार होतो, पण त्या दिवशी दुकानातून निघताना कारागीर मागून म्हणाला होता, ‘सर, सांभाळून ठेवा, कधीतरी उपयोगी पडेल. हिका कांयच जावंक ना.’